ठिपक्यातला गुंठा

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ असे आमच्याकडे हसत हसत म्हणतात. परगावच्या माणसाला ही थट्टा वाटते. परंतु पृथ्वीची चित्रे टिपणाऱ्या उपग्रहांच्या लेखी मात्र दोन्ही गावे सारखीच!

परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ निघाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. त्यामुळे आमच्या गावात शेतीशास्त्राच्या प्राध्यापकांना तोटा नाही. त्यांतले माझे एक स्नेही परिस्थितिविज्ञान आणि दूरसंवेदन हे विषय शिकवतात, इंग्रजीतून. मी पडलो मराठीचा मास्तर. म्हणून ते माझ्याकडे शब्द मागायला येतात. परवा त्यांनी विचारले, “ ‘ग्राउंड ट्रुथ’ला मराठीत काय म्हणाल?”

त्यामागची हकीकत ऐकण्यासारखी आहे. हिरवे पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परतवते. उपग्रहाच्या चित्रात ते किरण बहुधा तांबड्या रंगाने दाखवतात. म्हणून निरोगी पीक तिथे लालभडक दिसते. १७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए हा उपग्रह आकाशात गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका ७२.५ मीटर लांबीरुंदीचा, म्हणजे सुमारे ५२ गुंठ्यांचा होता. गरिबाचे अख्खे शेत त्यात बुडून जाई. युरोपच्या आजच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा ठिपका १० मीटरांचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याचा आहे.

स्नेह्यांनी एकदा कालव्याकाठच्या रानाचे असे चित्र वर्गात लावले. लाल पिकात मधेच पांढुरका डाग होता. इंग्रजीत विचारले तेव्हा वर्ग गप्प. मराठीत विचारताच पाथरीकडचा एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, “सर, चोपण हाय ही. पाणी मुरंना, अन् वाळल्यावर ढेकूळ फुटंना.” लगेच दुसरा उठला, “बरड बी असंल. जाऊन पाहिल्याबिगर कसं सांगावं?”

पहिल्याच्या एका शब्दात परिस्थितिविज्ञानाचा अख्खा धडा होता. चिकण काळी जमीन, कालव्याचे वारेमाप पाणी, निचरा नाही. मग भूजल वर चढते, उन्हाने पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. दुसऱ्याने तर ‘ग्राउंड ट्रुथ’च सांगितले! चित्राचा खरेखोटेपणा शेवटी बांधावर ठरतो. त्यातून ऐन खरिपात, कापूस-सोयाबीन उभे असताना, आभाळ ढगांनी भरते. साध्या कॅमेऱ्याला तेव्हा काही दिसत नाही. रडारचे उपग्रह ढगांपलीकडे पाहतात. पण त्यांनी पाहिलेलेही पायांनी पडताळावेच लागते.

मी त्यांना ‘शिवारफेरी’ हा शब्द दिला. तो मी घडवलेला नाही, गावातलाच आहे.

वाचकहो, हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. कुणाचे पीक बुडाले, कुणाचे तरले, हे उद्या अशा चित्रांवरून अधिकाधिक ठरणार आहे. ती वाचणाऱ्याला चोपण आणि बरड यांतला भेद ठाऊक नसेल, तर एका गुंठ्याच्या ठिपक्यातही शेतकरी दिसायचा नाही. तो भेद जाणणारी मुले आमच्या वर्गांत बसली आहेत. फक्त आपल्याला येते ते ‘शास्त्र’ आहे, हे त्यांना अजून कुणी सांगितलेले नाही.

स्नेह्यांनी शब्द वहीत टिपून घेतला. उत्तरपत्रिकेत ‘चोपण’ लिहिणाऱ्याला पुरे गुण द्यायचे, असेही त्यांनी ठरवले आहे.