सहल कोळीवाड्यात न्या, पण पाहुण्यासारखी

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, राळेगावहून कोकणात सहल नेणं खर्चाचं काम आहे. एवढा पैसा घालून मुलं फक्त लाटांत भिजून, फोटो काढून परत येत असतील, तर ती सहल अर्धीच झाली, असं माझं मत आहे.

दापोली तालुक्यातलं हर्णै बंदर घ्या. पर्यटक सुवर्णदुर्ग पाहतात अन् निघतात. पण संध्याकाळी तिथे किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होतो. बाजार समितीत कापसाचा भाव ठरताना पाहिलेल्या मुलांना तो लगेच समजेल. होड्यांतली मासळी आणायला तिथे बैलगाड्या पाण्यात उतरत आल्या आहेत. शेतकऱ्याच्या लेकराला याहून मोठं नवल कोणतं?

कोळ्यांची नारळी पौर्णिमा श्रावण पौर्णिमेला, आपला पोळा त्यानंतर १५ दिवसांनी अमावास्येला. तिकडे समुद्राला नारळ, इकडे बैलाला पुरणपोळी. १ जून ते ३१ जुलै या माशांच्या प्रजननाच्या काळात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. बियाणं राखणाऱ्या घरातल्या मुलांना याचं कारण फार समजावावं लागणार नाही.

मात्र निघण्याआधी वर्गात दोन गोष्टी पक्क्या करा. वास आला म्हणून नाक दाबायचं नाही. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. आपल्या वावरात कोणी न विचारता शिरलेलं आपल्याला चालतं का? मग प्रत्येकाने तिथल्या मावशींना, काकांना त्यांच्या कामाबद्दल एक तरी प्रश्न विचारावा आणि उत्तर वहीत लिहावं. परिसर अभ्यास म्हणतात तो हाच.