शिकार की खरेदी?

माझा एक अमेरिकन सहकारी दर ऑक्टोबरात साउथ डकोटात रानातल्या फेझंटच्या शिकारीला जातो. दिवसाला तीन नर, त्याहून जास्त मारायला परवानगी नाही. पिंजऱ्यात वाढवून खासगी रानात सोडलेले पक्षी पैसे भरून मारणाऱ्यांना तो हसतो. 'ही शिकार नव्हे, खरेदी!'

मला हा तोरा अर्धाच पटतो. फेझंट मूळचा आशियातला. १८८०च्या दशकात चीनमधून आणून ओरेगॉनमध्ये सोडला, तेव्हा तिथे रुजला. म्हणजे याचा रानपक्षीही कुणीतरी सोडलेल्यांचाच वंशज. मात्र त्याला जगायला गवताळ माळ लागतो, आणि तो राखायला शिकारीच झटतात, हे मान्य.

मी नाक मुरडलं, तर त्यानं विचारलं, 'तुझ्या बिर्याणीतली कोंबडी कधी उडाली होती?' ब्रॉयलर सहा आठवड्यांत कापतात. मी गप्प बसलो.