आरएनए मोडणाऱ्या विकरांची उपेक्षा

जून २०२२ मध्ये पुण्यात विकसित झालेल्या देशातील पहिल्या एमआरएनए लसीला औषध महानियंत्रकांनी आपत्कालीन वापराची परवानगी दिली. राष्ट्रीय माध्यमांनी बातमी थाटात छापली. लस २ ते ८ अंश सेल्सिअसला टिकते, हेही आवर्जून सांगितले. नागरिकांच्या मनातला प्रश्न मात्र वेगळा होता: शरीरात गेलेल्या आरएनएचे पुढे होते काय? त्यावर बहुधा ‘विज्ञानावर विश्वास ठेवा’ एवढेच ऐकवले गेले. रिकामी राहिलेली जागा अफवांनी भरून काढली.

हे उत्तर नव्हे, टाळाटाळ आहे. खरे उत्तर विकरांपाशी आहे. एश्चेरिशिया कोलाय या जिवाणूत आरएनए पॉलिमरेझ सेकंदाला साधारण ४० ते ५० न्यूक्लिओटाइड जोडते; पण तिथले बहुतेक संदेश काही मिनिटांतच मोडले जातात. मानवी पेशीत सहसा आधी संदेशाची अ‍ॅडेनिनची शेपटी कातरली जाते. मग टोपी काढली जाते आणि एक्सआरएन१ हे विकर त्या टोकाकडून साखळी कुरतडत जाते. दुसऱ्या टोकाकडून एक्सोसोम हेच काम करतो. सुटे झालेले घटक पुन्हा वापरात येतात. ही निव्वळ साफसफाई नव्हे. हौदात पाणी किती, हे नुसत्या नळावरून ठरत नाही. मोरीही पाहावी लागते. तरीही आपल्या वर्गांत प्रतिलेखनाचा तास रंगतो आणि विघटन उल्लेखापुरते उरते.

या एकांगीपणाला इतिहासच उत्तर देतो. १९५५ मध्ये मारियान ग्रुनबर्ग-मानागो आणि सेवेरो ओचोआ यांनी परीक्षानळीत आरएनए घडवणारे विकर शोधल्याचे जाहीर केले. १९५९ च्या नोबेल पुरस्कारात ओचोआ यांना वाटा मिळाला. पुढे उमगले, की पॉलिन्यूक्लिओटाइड फॉस्फोरिलेझ हे विकर पेशीत प्रामुख्याने आरएनए मोडते! दिशा कोणती, हे परिस्थिती ठरवते. अशा विकराने घडवलेल्या निव्वळ युरॅसिलच्या साखळीवरच १९६१ मध्ये नीरेनबर्ग आणि मथाई यांनी जनुकीय संकेताचा पहिला शब्द वाचला.

‘लोकांना एवढा तपशील कळत नाही’ हा युक्तिवाद उद्धट आहे. पुण्याच्या लसीतला आरएनए पेशीत स्वतःच्या प्रती काढतो. तेव्हा शंका घेणारा अडाणी ठरत नाही, त्याचा प्रश्न रास्तच ठरतो. त्या प्रतीही अखेर आरएनएच आहेत आणि विघटनाच्या विकरांपासून त्यांची कायमची सुटका नाही. किती काळात किती उरते, हे मोजता येते. म्हणून ते मोजून, आकड्यांसह सांगितले पाहिजे.

विज्ञान विश्वास मागत नाही, तपासणी मागते. पुढच्या लसीची बातमी वाचताना विद्यार्थ्यांनी ‘हे घडते कसे?’ एवढ्यावर थांबू नये. ‘हे मोडते कसे?’ हा प्रश्नही तितक्याच हक्काने विचारावा.