पांढऱ्या दातांची हौस

परवा ताडकळसला आत्याकडे गेलो, तो नातीचा प्रयोग रंगात आलेला! लग्न पंधरा दिवसांवर. बाईसाहेब लिंबू-मीठ चोळून दात उजळीत होत्या.

"काका, गार पाणी लागलं की कळ येते हो."

आत्या म्हणाली, "आमच्या सासूबाई दातवण लावून दात काळे करीत. सवाष्णीचं लेणं ते!"

मी मास्तरकी केलीच. लिंबाचे आम्ल दातांवरचे कवच मऊ करते, मीठ ते खरवडते. गेलेले कवच पुन्हा उगवत नाही आणि आतला थर मुळातच पिवळसर. म्हणजे घासावे तितके पिवळे! राखुंडीने जोरजोरात घासले तरी तीच गत. चहाचे डाग काढावेत दंतवैद्याने.

उरल्या लिंबांचे आत्याने सरबत केले. पहिल्याच घोटाला नातीने गाल धरला.