पुन्हा विचारता यावे

परिचारिका नीट बोलत नाहीत, ही तक्रार नागपुरात नवी नाही. मेडिकल, मेयो, डागा, आता मिहानमधले एम्स, ही इथली सरकारी रुग्णालये. कुठूनही परतलेला माणूस औषधांच्या आधी बोलण्याचेच सांगतो. सिस्टर चांगली होती, नाहीतर सिस्टर खेकसली. तक्रार पुष्कळदा खरी असते. पण तिच्यावर दरवेळी सुचणारा उपाय एकच: सौजन्याची एखादी कार्यशाळा घ्या आणि भिंतीवर फलक लावा. या उपायाने दुखणे हलत नाही, कारण आवाज गोड की कडक हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. सांगितलेले कळले नाही तर समोरच्याला न घाबरता पुन्हा विचारता येते का, हे आधी पाहायला हवे. रुग्णालयातला आदर आम्ही तरी याच कसोटीवर जोखू.

वॉर्डात नेहमी घडणारी एक गोष्ट घ्या. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. रात्री सिस्टर खाटेजवळून जाता जाता सांगते, ‘‘बारानंतर पेशंटला काही खायला द्यायचं नाही.’’ रोग्याची बायको ‘हो जी’ म्हणते. पहाटे नवऱ्याच्या घशाला कोरड पडते, तेव्हा ती गेटबाहेरच्या टपरीवरून चहा आणून देते. खाऊ नका म्हटले होते, चहाचे तर कोणी काही म्हटले नव्हते. सकाळी भूलतज्ज्ञ विचारतात, दुधाचा चहा झाल्याचे कळते आणि ऑपरेशन पुढे जाते. सर्जन सिस्टरवर चिडतात, सिस्टर बाईवर. बाईचे चुकले काय? रात्री तिच्या मनात आले होते, पाणी चालेल का, चहा चालेल का. पण सिस्टर घाईत होती, आजूबाजूला सगळे ऐकत होते, आणि अडाणी म्हणून चारचौघांत ओरडा खाण्यापेक्षा गप्प राहिलेले बरे, हे ती आयुष्यभर शिकत आली आहे. ‘‘बारानंतर काय काय द्यायचं नाही, सांगा बरं मला,’’ एवढे सिस्टरने विचारले असते तर चहाचा विषय तिथेच निघाला असता. समजले का, या प्रश्नाला आपल्याकडचा गरीब माणूस कधीही नाही म्हणत नाही. म्हणून त्याच्याकडून वदवून घ्यावे लागते, आणि त्याला दोन मिनिटे लागतात.

हीच भीती वरच्या पायरीवरही असते. रात्रपाळीत निवासी डॉक्टर फोनवर औषध सांगतात. आकडे इंग्रजीत असतात. फिफ्टीन आणि फिफ्टी हे घाईत, गोंगाटात, अर्धवट आवाजात सारखेच ऐकू येतात. सिस्टरने ऐकलेले परत म्हणून दाखवावे, ‘‘सर, एक-पाच पंधरा ना?’’ असे विचारावे, ही जगभरची रीत आहे. पण आधी दोनदा ‘‘एवढंही कळत नाही का?’’ ऐकलेले असेल तर तिसऱ्या वेळी ती विचारताना कचरते. मग अंदाज येतो, आणि औषधाच्या मात्रेत अंदाज म्हणजे रोग्याच्या जिवाशी खेळ. निवासी डॉक्टरही छत्तीस-छत्तीस तास जागे असतात, हे आम्ही जाणतो. तरीही खाटेशेजारी, रोग्यादेखत सिस्टरला झापणाऱ्या डॉक्टरने हे ध्यानात घ्यावे की त्या एका वाक्याने तो रोग्याचा तिच्यावरचा विश्वास आणि तिची पुढची शंका, दोन्ही मारून टाकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय जाहीर केले. सारख्या दिसणाऱ्या वा ऐकू येणाऱ्या औषधांच्या नावांतला गोंधळ टाळणे आणि पाळी बदलताना रोग्याची माहिती नीट सोपवणे, हे दोन्ही त्यांत आहेत. त्या सोपवण्याला आपल्या परिचारिका ‘ओव्हर’ म्हणतात. सकाळची पाळी दुपारच्या पाळीला ओव्हर देते, दुपारची रात्रीला. टेबलाशी बसून रजिस्टर वाचत दिलेली ओव्हर आणि खाटेखाटेशी उभे राहून दिलेली ओव्हर यांत मोठा फरक पडतो. खाटेशी दिली तर रोगी ऐकतो, मध्येच म्हणतो, ‘‘सिस्टर, ते इंजेक्शन मले सकाळी देल्लं नाही,’’ आणि राहिलेली गोष्ट सापडते. मात्र रोग्याच्या डोक्यावरून त्याच्याचविषयी कुजबुजणे वाईटच. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या त्यांच्या परिचर्येवरच्या पुस्तकात खोलीत किंवा दाराबाहेर चाललेल्या कुजबुजीवर फार कडक शब्दांत लिहिले आहे. रोगी कान ताणून ऐकत राहतो आणि भलतेच धरून बसतो, हे त्यांनी ओळखले होते. रोग्याला दिसेल असे समोर बसून बोलावे, त्याला मान वळवायला लावू नये, असेही त्या बजावतात.

आता वेळेचे बोलू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रोग्यांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. विदर्भातल्या सरकारी वॉर्डात रात्री एकदा डोकावून पाहावे. खाटा भरून जमिनीवर गाद्या टाकलेल्या असतात आणि अख्ख्या वॉर्डाला एखाद-दुसरी सिस्टर असते. तिने प्रत्येकाकडून सूचना वदवून घ्यायची म्हटली तर इंजेक्शने कोणी द्यायची? सलाइन कोणी बदलायचे? जी व्यवस्था तिला दोन मिनिटे देत नाही, तिने सिस्टरच्या स्वभावावर बोट ठेवणे अन्यायाचे आहे. रिक्त पदे भरणे हा बोलण्याच्या सुधारणेचा पहिला भाग आहे, हे प्रशासनाने कागदावर मान्य करावे.

पण मनुष्यबळ वाढले तरी भाषेचा प्रश्न उरेल, आणि नागपूरच्या बाबतीत तो सगळ्यांत मोठा आहे. १९४७ साली स्थापन झालेले मेडिकल हे एका शहराचे रुग्णालय कधीच नव्हते. भामरागड-एटापल्लीचा माडिया बोलणारा, सिरोंच्याचा तेलुगू, मेळघाटचा कोरकू, गोंदिया-बालाघाटकडचा पोवारी, सीमेपलीकडचा छत्तीसगढी, शिवनी-छिंदवाड्याचा हिंदी, असे सगळे शेवटी नागपूरच्याच वाटेला लागतात. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून नागपूरला ‘रेफर’ होत होत रोगी पोचतो, तेव्हा त्याचा आजार वाढलेला असतो आणि त्याची भाषा बोलणारा माणूस मागे राहिलेला असतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दवाखाना उभारताना आधी आदिवासींनाच विचारले, तुम्ही मोठ्या दवाखान्यात का जात नाही? उत्तरांतले एक असे होते की तिथले डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात आणि आम्ही पांढऱ्यात मेलेल्याला गुंडाळतो. शोधग्राम या त्यांच्या संस्थेच्या आवारातला दवाखाना मग झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला आणि त्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. त्याआधी, १९८९ मध्ये, बंग दांपत्याचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. सोय नव्हती, पैसा नव्हता, लाज होती. पण या बायांना त्यांच्या शब्दांत कोणी विचारलेही नव्हते. अंगावरून जाणे, कंबर धरणे हे ज्या बोलीत सांगायचे, ती बोली ऐकणारा कान समोर असावा लागतो. वॉर्डात तो कान डॉक्टरच्या आधी सिस्टरचा असतो.

आणि या सिस्टरला आपण काय शिकवतो? २०२१ पासून लागू झालेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात ‘कम्युनिकेटिव्ह इंग्लिश’ हा विषय आहे, चाळीस तासांचा. त्याला आमचा विरोध नाही. नोंदी इंग्रजीत होतात, औषधांची नावे इंग्रजीत आहेत, पुढे परदेशी जायचे तर इंग्रजी लागतेच. परंतु विदर्भातल्या मुलीला पहिल्या वर्षी रुग्णाशेजारी उभे करताना माडियातले किंवा छत्तीसगढीतले वीस प्रश्नही आपण देत नाही. कुठे दुखते, कधीपासून, लघवी झाली का, बाळ दूध ओढते का, इतके जरी आले तरी खाटेवरचा माणूस मोकळा होतो. एम्समध्ये तर परिचारिकांची निवड देशभरातून होते. तिथे मराठीपासूनच सुरुवात करावी लागेल. कोणी स्वतःच्या भाषेत बोलू नये अशी बंदी घालणे हा उपाय नाही. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयाने जून २०२१ मध्ये परिचारिकांच्या मल्याळम बोलण्यावर तसा फतवा काढला आणि गदारोळ होताच तो मागे घेतला. भाषा वाढवायच्या आहेत, कमी करायच्या नाहीत.

साध्या गोष्टींनाही कमी लेखू नये. केट ग्रेंजर या ब्रिटिश डॉक्टर स्वतः कर्करोगाने खाटेला खिळल्या तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की येणारे-जाणारे कोणी आपले नावच सांगत नाही. २०१३ मध्ये त्यांनी नाव सांगण्याची मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये त्या गेल्या, पण ब्रिटनमधल्या रुग्णालयांनी ती रीत उचलली. आपल्याकडे रोगी ‘सात नंबर’ असतो आणि परिचारिका नुसती ‘ए सिस्टर’. सिस्टरने ‘‘आजी, मी अमुक, रात्री मीच आहे’’ म्हणावे, तसे नातेवाइकांनीही ‘सिस्टर, ऐकता का जी’ म्हणावे. परिचारिकेवर हात उचलणाऱ्याला २०१० च्या राज्याच्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे ठीक. पण हात उचलण्याच्या आधी शिवी येते आणि तिला कलम लावायला कोणी जात नाही.

धानोऱ्याची, कोरचीची, एटापल्लीची मुलगी नर्स होऊन नागपुरात येते तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वॉर्डातूनही तिला हाक येते, ‘‘जरा बोल ना यांच्याशी, आम्हाला काही कळेना.’’ हातातले काम टाकून ती जाते, बोलते, परत येते. त्या वेळेची नोंद कुठल्या रजिस्टरात होत नाही आणि तिचे राहिलेले काम तिलाच जादा थांबून उरकावे लागते. वैद्यकीय शिक्षण विभागाने दुभाषी परिचारिका अशी मान्यता तिला द्यावी, त्या कामाचे तास ड्युटीत धरावेत, भत्ता द्यावा. मेडिकलच्या आवारातल्या शासकीय परिचर्या महाविद्यालयात तिलाच शिकवायला उभे करावे. दरवर्षी १२ मेला परिचारिका दिन होतो, मेणबत्त्या पेटवून शपथ घेतली जाते, सत्कार होतात. माडियाचा आणि छत्तीसगढीचा पहिला वर्ग येत्या १२ मेला भरवता येईल. त्यासाठी एक खोली, एक फळा आणि विभागाची एक सही पुरे.