आठवडे मोजणारा कायदा, गप्प बसणारं घर

पूर्वी मुलगी एखाद्या मुलाशी बोलताना दिसली की गावभर व्हायचं. आता तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर जोडीनं उभी असलेली पोरं पाहून कुणी मान वळवत नाही. मोबाइल आले, शिकायला मुली शहरात खोली करून राहू लागल्या, लग्नाचं वयही पुढं सरकलं. हे चांगलं की वाईट, यावर भिशीत आणि हळदी-कुंकवात भरपूर बोलणं होतं. पण मैत्रिणींनो, काही झालंच तर निस्तरायचं कुणी, हे मात्र तिथं कुणी काढत नाही.

निस्तरते मुलगीच. हे काही आजचं नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते फसवल्या गेलेल्या विधवांसाठी. त्यांच्यावर ही वेळ आणणारे पुरुष उजळ माथ्यानं फिरतच होते. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, फुले दांपत्यानं दत्तक घेतलं.

कायदा मात्र हळूहळू का होईना, हलला. साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ पाडायची सवलत १९७१ च्या कायद्यात विवाहित स्त्री आणि तिच्या नवऱ्यापुरतीच होती. २०२१ च्या दुरुस्तीनं तिथं 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की २० ते २४ आठवड्यांच्या मुदतीतूनही अविवाहितेला वगळता येणार नाही. सज्ञान स्त्रीला तिची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. (तरी काही दवाखान्यांत 'मिस्टरांना घेऊन या' म्हणतातच!)

खरी पंचाईत अठराच्या आतल्या मुलीची. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं संमतीचं वय अठरा केलं, आधी ते सोळा होतं. लहान लेकरांवर हात टाकणाऱ्यांना जरब बसावी, हा हेतू चांगलाच. पण सतरा वर्षांची मुलगी आणि तिच्या वर्गातला मुलगा राजीखुशीनं जवळ आले, तरी कायद्याच्या लेखी तो गुन्हाच. डॉक्टरांना पोलिसांत कळवावंच लागतं, नाही कळवलं तर त्यांनाच शिक्षा. म्हणून आया घाबरतात.

मध्यंतरी एक आई मुलीला घेऊन माझ्याकडे आली. पाळी चुकल्याचं तिला दुसऱ्याच महिन्यात समजलं होतं. मग पपई झाली, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडच्या गोळ्या झाल्या, मुलीला मामाच्या गावी धाडून झालं. पोलीस नकोत, बोभाटा नको. माझ्या दारात आली तेव्हा पाचवा महिना सरत आला होता. सुरुवातीच्या आठवड्यांत जे साधं होतं, त्यात आता जिवाची जोखीम वाढली होती.

त्या आईला एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. त्याच २०२२ च्या निकालात कोर्टानं म्हटलंय, की अल्पवयीन मुलीनं आणि पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करायची गरज नाही. पालकांची लेखी संमती मात्र हवी.

मुलांच्या आयांनीही इकडे कान द्यावा. मुलगा अठरा ओलांडलेला असला, तर 'तिच्या मर्जीनं झालं' हे कोर्टात चालत नाही. वय पुन्हा सोळावर आणावं, असं काहीजण म्हणतात. २०२३ मध्ये विधी आयोगानं त्याला नको म्हटलं. सोळा ते अठरामधल्या राजीखुशीच्या प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायाधीशांना मोकळीक असावी, एवढं सुचवलं. मला ते पटतं. वय उतरवलं, तर पोरींची लग्नं लवकर उरकणाऱ्यांचंच फावेल.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ज्या महाराष्ट्रात 'समाजस्वास्थ्य' काढलं, तिथंच २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण संस्कृतीच्या नावाखाली अडवलं गेलं. त्या मुलीला मी विचारलं, "हे सगळं तुला कुठं कळलं गं?" "मोबाइलवर," ती म्हणाली. आई शेजारीच बसली होती. तिनं लेकीला पाळीबद्दल आजवर सांगितलं होतं ते एवढंच, की लोणच्याच्या बरणीला हात लावू नकोस.