झेपत नाही ते कुणाला?

‘मुलींना फिजिक्सची गणितं झेपत नाहीत’ हे वाक्य दहावीनंतर घराघरांत ऐकू येतं. मैत्रिणींनो, ही गणितं एकदा उघडून तर बघू या.

१००० वॅटची इस्त्री आणि ५०० वॅटचा मिक्सर ५ अँपिअरच्या एकाच फ्यूजवर चालेल? १५०० भागिले २३० व्होल्ट, म्हणजे साडेसहा अँपिअर. झेपत नाही ते फ्यूजला! बंद डब्यातली हवा २७ अंश सेल्सिअसवरून १२७ वर नेली, तर दाब किती? २७३ मिळवायचे राहिले तर उत्तर जवळजवळ पाचपट येतं. मिळवले की ३०० चे ४००, दाब फक्त एक तृतीयांशाने वाढतो. टकरीच्या गणितात समोरून येणाऱ्या गाडीचा संवेग ऋण धरायचा. यातली कुठलीही चूक बाईपणाची नाही, सराव न मिळाल्याची आहे.

१९३३ साली कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आधी प्रवेश नाकारला, तो बुद्धी कमी म्हणून नव्हे, बाई म्हणून. आजही भाऊ वही घेऊन बसतो तेव्हा बहीण भांड्यांपाशी असते. तिला नुसता धीर नको, संध्याकाळचा एक तास हवा. ही मागणी आपण घरापासून लावून धरू या.